मेंदूचं नवं विज्ञान: सांगली-साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. सुट्टीच्या दिवशी मिरज, तासगाव, विटा, कराड, वाई असं कुठं कुठं मेंदूवर बोलायला जातो. बोलणं संपलं की चिठ्ठ्या येतात, आणि बरेचसे प्रश्न गावोगावी तेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या-औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. एक पथ्य मात्र मी कटाक्षानं पाळलंय: जे पक्कं ठरलंय ते ठरलंय म्हणून, आणि जे वादात आहे ते वादात म्हणूनच सांगायचं. या दोन्हींची सरमिसळ झाली की आपली माणसं एकीकडे मोलाचा वेळ घालवतात आणि दुसरीकडे कष्टाचा पैसा. हे दोन्ही मी जवळून पाहतो.

मेंदूत पेशी किती? पुस्तकात १०० अब्ज लिहिलंय.

तो जुना अंदाज. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी २००९ मध्ये मेंदूचे भाग विरघळवून त्या द्रावणातली पेशीकेंद्रकं मोजली. सरासरी ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी निघाल्या. त्यातल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत असतात. आपण विचार-विचार म्हणतो तो ज्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात चालतो, तिथं फक्त १६ अब्ज.

माणूस मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो, हे खरं का?

नाही. झोपेतसुद्धा सगळा मेंदू कामात असतो.

मेंदूचा पूर्ण नकाशा तयार झाला, अशी बातमी वाचली. मग आता काय राहिलं?

नकाशा झाला तो माशीच्या मेंदूचा, माणसाच्या नव्हे. तरीही काम अफाट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या ५ कोटींहून जास्त जोडण्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. मेंदूचे अतिशय पातळ काप, प्रत्येक कापाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो, मग संगणकानं पेशीचा एकेक धागा कापामागून कापात शोधत जायचा आणि संगणक चुकला तिथं माणसांनी दुरुस्त करायचं. या दुरुस्तीला जगभरातले स्वयंसेवक बसले होते.

एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्रातल्या एका घन मिलिमीटरचा नकाशा आला. एवढासा तुकडा, त्यात ५० कोटींवर जोडण्या. या कामाची खुबी अशी की कापण्याआधी त्याच उंदराला चित्रफिती दाखवून त्याच पेशींची हालचाल टिपून ठेवली होती. माणसाच्या मेंदूचाही घन मिलिमीटरभर तुकडा २०२४ मध्ये असाच उलगडला: ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या. आपल्याकडं आयआयटी मद्रासनं डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातल्या मेंदूच्या ५,१३२ कापांचा त्रिमितीय संग्रह जगाला खुला केला. या कामाबद्दल आपल्याकडं फारसं बोललं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता काय राहिलं ते. टेंभू योजनेच्या सगळ्या कालव्यांचा नकाशा हातात असला तरी आज कुठल्या गावाला पाणी सुटलंय हे त्यावरून कळत नाही. मेंदूच्या नकाशाचंही तसंच आहे. पुरावा हवा तर ३०२ चेतापेशींचा एक सूक्ष्म किडा आहे. त्याच्या जोडण्यांचा आराखडा १९८६ मध्येच छापून आला, पण तो किडा पुढच्या क्षणी काय करेल हे आजही नुसत्या आराखड्यावरून सांगता येत नाही. कारण पेशी जोडणीतूनच बोलतात असं नाही. काही रसायनं जोडणी नसतानाही आसपास पसरतात आणि दूरच्या पेशीची वागणूक बदलतात. जोडण्यांची ताकदही सतत कमीजास्त होते. एखादी आठवण या जाळ्यात नेमकी कशी साठते, हा प्रश्न अजून खुला आहे.

मोठेपणी मेंदूत नव्या पेशी तयार होतात का?

हे भांडण साठ वर्षांचं आहे. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये मोठ्या उंदरात नव्या चेतापेशी दिसल्याचं लिहिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये, कर्करोगाच्या तपासणीसाठी नव्या पेशींवर खूण करणारं रसायन दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत मृत्यूनंतर नव्या पेशी सापडल्या. मग २०१८ मध्ये महिनाभराच्या अंतरानं दोन शोधनिबंध आले. एक म्हणे, किशोरवयानंतर काहीच सापडत नाही; दुसरा म्हणे, ७९ व्या वर्षापर्यंत सापडतात. जुलै २०२५ मध्ये स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेनं ७८ वर्षांपर्यंतच्या मेंदूंत, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात, ज्यांच्यापासून चेतापेशी बनतात अशा, विभागत असलेल्या मूळ पेशी ओळखल्या. काही प्रौढांत त्या भरपूर होत्या, काहींत जवळजवळ नव्हत्याच.

म्हणजे पारडं ‘होतात’ या बाजूला झुकलंय. पण त्या किती होतात, आणि आपल्या स्मरणशक्तीला त्यांचा काही उपयोग होतो का, हे ठरलेलं नाही. ‘नवीन ब्रेन सेल वाढवा’ म्हणून डबे विकणाऱ्याला हे दोन प्रश्न जरूर विचारा.

सर, आमची आजी एकच गोष्ट चार-चारदा विचारते. वय झालं म्हणायचं की अल्झायमर? इंजेक्शन निघालंय म्हणे.

आधी तपासणी, मग नाव. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, पडल्यामुळं डोक्यात साकळलेलं रक्त, यांनीही विसरायला होतं, आणि हे सगळं बऱ्याच अंशी दुरुस्त होण्यासारखं असतं. गावाकडं ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणून दोन-दोन वर्षं काढतात, तेव्हा ही सोपी कारणंसुद्धा हातची जातात. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा तुमचं घर एकटं नाही.

आता इंजेक्शन. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. लेकानेमॅब हे औषध ते थर काढतं. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली, २०२४ मध्ये डोनानेमॅबला. बातम्यांत ‘आजार २७ टक्क्यांनी मंदावला’ असं येतं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. १८ गुणांच्या मोजपट्टीवर, दीड वर्षानंतर, औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ०.४५ गुणांचा फरक पडला. गेलेली आठवण परत आली नाही. घसरण थोडी हळू झाली. ती घरच्यांना जाणवण्याइतकी आहे का, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. शिवाय मेंदूला सूज येणं, बारीक रक्तस्राव होणं हे धोके आहेत, म्हणून पुन्हा पुन्हा एम.आर.आय. करावा लागतो. आणि हे सगळं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. आजी माणसं ओळखेनाशी झाली असेल, तर या औषधासाठी जमीन गहाण ठेवू नका.

थर काढूनही आजार थांबत नाही, यातच मोठा प्रश्न दडलाय. अमायलॉइड हे मूळ कारण की एका लांब साखळीतली पहिली कडी? टाऊ नावाचं दुसरं प्रथिन, मेंदूतल्या रक्षक पेशींची जळजळ, रक्तवाहिन्यांची झीज, यांचा वाटा किती? त्यात २००६ मधला अमायलॉइडवरचा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांत फेरफार झाल्याच्या कारणावरून २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. सगळा सिद्धांत त्या एका निबंधावर उभा नव्हता, पण विश्वासाला धक्का बसलाच.

पक्की आणि आशेची गोष्ट वेगळीच आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये १४ धोके मोजले: रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, न सुधारलेली नजर, तंबाखू-सिगारेट, एकटेपणा, कमी शिक्षण वगैरे. हे सगळे धोके टळले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा हिशोब आहे. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र घ्या, आणि ते कपाटात न ठेवता ते रोज लावतात ना हे बघा.

आपल्या सांगलीची हळद खाल्ली की अल्झायमर होत नाही ना?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मार्केट यार्डातून जाताना येणारा तो वास मलाही आपला वाटतो. म्हणूनच हे उत्तर मी जपून देतो. काचनळीत हळदीतलं कर्क्युमिन अमायलॉइडला चिकटतं, उंदरांत काही चांगले परिणाम दिसले. पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं आणि लगेच मोडतं. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. निरोगी लोकांवरच्या एका छोट्या चाचणीत स्मरण थोडं सुधारल्याचं दिसलं, पण तेवढ्यावर काही ठरत नाही. भाजीत, दुधात हळद खुशाल घाला. स्मृतिभ्रंशावर औषध म्हणून महागड्या कॅप्सूल घेऊ नका.

नागीणीच्या लसीचा आणि विसरण्याचा काय संबंध?

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१३ मध्ये नागीणीची लस सुरू झाली, तेव्हा नियम असा होता: २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, आदल्या दिवशीपर्यंत जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याच्या अंतरानं जन्मलेल्या माणसांत दुसरा काय फरक असणार? जणू निसर्गानंच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. सात वर्षांनी पाहिलं, तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे एक पंचमांशानं कमी. हा अभ्यास एप्रिल २०२५ मध्ये आला. फायदा बायकांत जास्त दिसला.

असं का होतं, ते माहीत नाही. नागीणीचा विषाणू कांजिण्या झाल्यापासून आपल्या चेतापेशींत दबा धरून असतो. तो पुन्हा उठला नाही म्हणून मेंदू वाचला, की लशीमुळं एकूण प्रतिकारशक्तीच सुधारली? शिवाय ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती. भारतात २०२३ पासून मिळते ती वेगळ्या पद्धतीची आहे. तिचा मेंदूवरचा परिणाम अजून तपासला जातोय. पण नागीणीच्या असह्य वेदना टळतात हे नक्की. अंगावर नागीण उठली तर गेरू लावत बसू नका. विषाणूवरची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो.

झोपेत मेंदू धुतला जातो का?

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं की झोपलेल्या उंदराच्या मेंदूत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि द्रव खेळून कचरा वाहून जातो. ही कल्पना जगभर पसरली. २०२४ मध्ये लंडनच्या गटानं अगदी उलटं मोजलं: झोपेत आणि भुलीत सफाई कमी होते. जानेवारी २०२५ मध्ये नेडरगार्ड गटानं पुन्हा उत्तर दिलं, गाढ झोपेत रक्तवाहिन्या लयीत आकुंचन पावून द्रव ढकलतात आणि झोपेच्या एका नेहमीच्या गोळीनं ती लय कमी होते. सगळं उंदरांवर. वाद चालू आहे. झोप कमी पडली की लक्ष आणि स्मरण बिघडतं, याबद्दल मात्र वाद नाही.

लकवा मारला तर आधी काय करायचं? आमच्याकडं एका ठिकाणी औषध चोळून देतात.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर धरल्यावर खाली पडतो, बोलणं अडखळलं किंवा समजेना, यातलं एकही अचानक दिसलं तर तडक सी.टी. स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून तार घालून ओढून काढता येते, आणि २०१८ च्या चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत काढतात. पण जितकं लवकर तितकं चांगलं.

आता हिशोब करा. जतहून किंवा आटपाडीहून मिरजेला यायलाच दीड-दोन तास. त्यात गाडी शोधणं, पाहुण्यांना फोन, वाटेत ‘आधी इथं दाखवू’. झालं, वेळ गेली. चोळायचं औषध त्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतच नाही. रुग्णाला पाणी किंवा गोळी पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरातली ॲस्पिरिनही देऊ नका. रक्तस्राव झालाय की गुठळी आहे हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गाला मुलीला घालू का? डोळे बांधून वाचतात मुलं.

घालू नका. मध्यमस्तिष्क, म्हणजेच मिडब्रेन, हा मेंदूच्या देठातला जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडं मान वळणं, हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणं, ही त्याची कामं. तो जन्मापासून चालूच असतो. बंद पडला तर माणूस शुद्धीवर राहणार नाही.

असा एक कार्यक्रम मी पुढच्या रांगेत बसून पाहिला. पट्टी बांधलेली मुलगी पुस्तक छातीजवळ, नाकाच्या सरळ रेषेत धरायची आणि हनुवटी किंचित वर करायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिच्यातून खालचं स्पष्ट दिसतं. पुस्तक कपाळासमोर धरलं असतं, तर वाचन तिथंच थांबलं असतं. मला राग त्या मुलीचा आला नाही. आठ-नऊ वर्षांचं लेकरू, आईबापांनी हजारो रुपये भरलेत हे त्याला कळतं, आणि त्यांच्यासाठी ते खोटं बोलायला शिकतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती या वर्गांविरुद्ध बोलत आलीय. शंका असेल तर त्यांच्या कार्यकर्त्यांना गाठा. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचणीचंही उत्तर हेच.

फवारणीमुळं कंपवात (पार्किन्सन) होतो का? आबांनी आयुष्यभर शेती केली.

संशय भक्कम आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठरले. त्यांच्या भेसळयुक्त नशेत एमपीटीपी नावाचं द्रव्य निघालं, आणि ते डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारतं हे कळलं. शरीरात त्याचं जे रूप होतं, ते पॅराक्वाट या तणनाशकाशी रचनेनं फार जुळतं. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या एका अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवात सुमारे अडीच पट आढळला. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. तरीही एकेका माणसाच्या आजाराचं बोट एका औषधाकडं दाखवता येत नाही. वय आणि जनुकंही आहेतच. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा आणि फवारल्यावर आंघोळ यांत हयगय नको.

खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, जे कंपवाताच्या गोळीतही असतं. पण बीगणिक प्रमाण बदलतं. गोळ्या चालू असताना वरून बियांची पूड घेतली तर मात्रा जास्त होऊन शरीर आपोआप वेडंवाकडं हलू लागतं. एप्रिल २०२५ मध्ये मूळ पेशींपासून बनवलेल्या चेतापेशी मेंदूत बसवल्याच्या दोन चाचण्या आल्या, क्योटोत ७ आणि उत्तर अमेरिकेत १२ रुग्ण. सुरक्षित वाटतात, गुण किती ते मोठ्या चाचण्यांनंतर. आज जाहिरात करून, पैसे घेऊन कुणी ‘स्टेम सेल’ टोचत असेल तर ते हे नव्हे.

डोक्यात चिप बसवून मनातलं वाचता येतं?

मनातलं नाही. बोलण्याचा प्रयत्न करताना ओठ-जिभेला जे हुकूम सुटतात, ते वाचता येतात. २०२३ मध्ये वाचा गेलेल्या दोन महिलांनी अशा यंत्रांनी मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द गाठले. २०२४ मध्ये एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) झालेल्या एका माणसाला ९७ टक्के अचूक शब्द मिळाले. मेंदूवर बसवलेल्या या यंत्रांच्या तारा वर्षानुवर्षं टिकतील का, आणि मेंदूतून निघालेल्या माहितीवर मालकी कुणाची, हे प्रश्न बाकी आहेत.

आयसीयूत बेशुद्ध असलेल्या माणसाला ऐकू येतं का?

काहींना येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिलेल्या सूचनेला कसलाच दिसणारा प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण होते. त्यांना ‘मूठ उघडा-मिटा अशी कल्पना करा’, ‘टेनिस खेळताय अशी कल्पना करा’ असं सांगून मेंदूची नोंद घेतली. त्यातल्या ६० जणांचा, म्हणजे चौघांतल्या एकाचा मेंदू सूचना पाळत होता. ही तपासणी आपल्याकडं सहज मिळत नाही. तोवर रुग्णाच्या खाटेशी बसून खर्चाची, वाटण्यांची चर्चा करू नका. त्याच्याशी बोला.

जाणीव मेंदूत नेमकी कशी उपजते, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत हे कळेल. २०२३ मध्ये ते जाहीरपणे हरले. दोन मोठ्या सिद्धांतांना समोरासमोर उभं करून २५६ जणांवर घेतलेली परीक्षा २०२५ मध्ये छापून आली. दोन्ही सिद्धांतांची काही भाकितं चुकली.

नैराश्य म्हणजे सेरोटोनिन कमी होणं ना?

इतकं सरळ नाही. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात, मेंदूतलं हे रसायन कमी झाल्यानं नैराश्य येतं याचा ठोस पुरावा सापडला नाही. पण म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचा उपयोग चाचण्यांत वेगळा तपासलेला आहे. मनानं गोळी बंद करू नका, अचानक सोडली की त्रास होतो.

बारावीनंतर या विषयात जायचं तर?

पुण्याची आयसर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि निम्हान्स, मुंबईची टीआयएफआर, हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, या जागा माहीत असू द्या. बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरच्या गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय. आपल्यासारख्या शेतीच्या भागात मेंदू कसा म्हातारा होतो हे पाहणारे असे अभ्यास जगात मोजकेच आहेत, आणि कृष्णाकाठच्या गावांचा असा अभ्यास कुणी तरी करावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे. डॉक्टरच व्हायला हवं असं नाही. माशीच्या नकाशामागे संगणकवाले आणि भौतिकशास्त्रवालेही होते. म्हणून अकरावीला जीवशास्त्र घेताना गणित सोडू नका. जून महिन्यात प्रवेशाच्या रांगेत बहुतेक मुलं नेमकं तेच सोडतात.